जळगावचं विमान

वारखंड, पेडणे
१२ जून २०२४

चि. यशवंतास देवकीचा आशीर्वाद.

अक्षर शालिनीचं, शब्द माझे. सुनेचं अक्षर सासूच्या शब्दांपेक्षा बरं आहे असं सगळे म्हणतात, तेव्हा तू अक्षराकडेच बघ.

तुझे कान गेल्यापासून फोनवर मी ओरडते आणि तू विचारतोस, "तिकडे पाऊस कसा आहे?" म्हणून कागद. शालिनी आणि तुझी लेक मालती मोबाईलवर काय बोलतात ते त्यांचं त्यांना. आपलं हे बरं. पोचेल तेव्हा पोचेल.

बाराव्याला तू नव्हतास. येणार नाहीस हे ठाऊक होतं. कंबरेत लोखंड घालून घेतलेल्या माणसाने रात्रभर गाडीत बसायचं नाही असं डॉक्टरने सांगितलंय, ते मालतीने कळवलं. भावोजी गेले ऐकून तू रडलास, हेही तिनेच कळवलं. बरं केलंस. कुणीतरी रडायला हवं होतं. मला अजून रडू आलेलं नाही. गावातल्या बायका येतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात, चहा पितात आणि बस चुकल्यासारखं तोंड करून जातात. मी तरी काय करू? मांडी घालून फार वेळ बसलं की पाय झोपतो ना, चिमटा काढला तरी दुसऱ्याच कुणाचा वाटतो, तशी मी सगळीच झाले आहे. दुखत काही नाही. भाताची चव लागत नाही, एवढंच.

आता कामाचं. आपल्यात रीत काय ती तुला माहीत आहे. नवरा गेला की बाई उंबऱ्याच्या आत. बारावा झाल्यावर माहेरचा माणूस साडी घेऊन येतो, हाताला धरून तिला बाहेर काढतो, माहेरी नेऊन जेवू घालतो. मग ती चारचौघांत जायला मोकळी. आपल्या आईला मामाने असंच नेलं होतं. तर परवा मुळगावहून गोकुळदास आला. चुलत का होईना भाऊ, आपल्या बंद घराची किल्ली त्याच्याकडे, साडीही आणली होती बिचाऱ्याने. आणि न्यायला काय, तर स्कूटर. मी म्हटलं, "चहा घे आणि जा बाबा. माझा पाठचा भाऊ जिवंत आहे."

"बाय, पण तो येणार कसा?"

"विमानाने येईल."

सगळे हसले. पण का रे नाही? मोपाचा विमानतळ आमच्या डोक्यावर झाला. बाकीची मोठी विमानं जातात ती जातात, पण तुमच्या जळगावचं ते सह्यपंख कंपनीचं पंख्याचं विमान आठवड्यातून दोनदा आमच्या कौलांवरून येतं. आवाज भातगिरणीसारखा. तुझे भावोजी दारापुढच्या बाल्कांवात बसलेले असायचे, आवाज आला की हात वर करून म्हणायचे, "देवकी, तुझा भाऊ आला गो!" दर वेळची थट्टा. आता ते म्हणायला कुणी नाही, पण विमान येतं. मी आतून ऐकते.

तेवढ्यात बसून ये. माझ्या कृष्णनाथाची टॅक्सी विमानतळावरच असते, तो तुला उचलून आणील. मी घरात आहे. कुठे जाते मी?

देवकी

•

जळगाव
२४ जून २०२४

ती. बायस यशवंताचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावर तुझ्या नावाआधी "श्रीमती" लिहिताना पेन थांबलं. आजवर "सौ." लिहीत आलो.

तू लिहिलंस ते वाचून मालतीला लगेच बसवलं. सकाळी तिने मोबाईलवर भाव बघितला, अडीच हजारांच्या आत. मी म्हटलं, जावई संध्याकाळी घरी येतील, त्यांना विचारून ठरवू. संध्याकाळी तीच जागा साडेचार हजारांवर. ही चूक असेल, सकाळी उतरेल, असं मी म्हणालो. सकाळी सहा.

जावयांनी समजावून सांगितलं. सरकारने ठरवून दिलेल्या स्वस्त जागा थोड्या असतात, त्या संपल्या की उरलेल्यांचा भाव कंपनीच्या मनावर. जेवढ्या जागा कमी, तेवढा भाव जास्त. बाय, मी तिकडे गोव्यात लोखंडाच्या खाणीच्या ऑफिसात जन्म काढला. आमच्या मातीचाही भाव चढायचा, उतरायचा, पण तो दूर परदेशात कुठेतरी ठरायचा. इथे मी नुसतं बघितलं म्हणून भाव चढतो की काय, असं वाटायला लागलं आहे.

असो. शुक्रवार, पाच जुलैचं तिकीट काढलं. दुपारी निघेल, दीड-दोन तासांत मोपाला. कंबरेला तेवढं चालेल असं डॉक्टर म्हणाले. साडी घेतली आहे, फिकट निळी, बारीक काठाची. पांढरी घ्यायला मन झालं नाही. तुला चालेल ना?

तोवर गोकुळदासाला नाही म्हणालीस ते योग्य केलंस. मी येतो.

तुझा,
यशवंत

•

वारखंड
९ जुलै २०२४

चि. यशवंतास आशीर्वाद.

निळी चालेल. साडी चालेल, पण विमान कुठे चाललं?

शुक्रवारी सकाळी न्हाऊन गाठोडं बांधून मी दारातल्या कदेलीवर बसले. शालिनीने खुर्ची लिहिलं असेल तर खोड म्हणून सांगते, कदेल ती कदेलच. कृष्णनाथ विमानतळावर उभा. तीन वाजले, चार वाजले. गिरणीचा आवाज नाही. मग कृष्णनाथ आला तो एकटाच. म्हणाला, "आई, रद्द झालं. विमानात काहीतरी बिघाड." मी विचारलं, "मग दुसरं पाठवतील?" तर म्हणे, कंपनीकडे चालू स्थितीतली विमानंच दोन, त्यातलं एक भलतीकडे. यशवंता, दोन बैल असलेला शेतकरीसुद्धा गावभर नांगरणी घेत नाही रे!

आणि तिकिटाचं तू लिहिलंस ते मी शालिनीकडून परत वाचून घेतलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती बांगडेवाली आठव. सकाळी डोळे वटारते, संध्याकाळ झाली की तोच वाटा निम्म्यात देते, कारण मासळी शिळी होते. ही तुझी कंपनी उलटी. शेवटची, कोपऱ्यातली, कुणी न घेतलेली जागा सगळ्यात महाग! आणि ती विकत घेऊन माणूस जळगावातच. आपल्या इकडची, चोपड्याच्या नदीवरची जुनी फेरीबोट बरी होती म्हणायची. पूल नव्हता तेव्हा सगळ्यांना एकच भाव, पाटलाला आणि पाटीवालीला. पाणी वाईट असलं तर बोटवाला विडी विझवून तोंडावर सांगायचा, "आज नाही, घरी जा." घरी जायचो. त्याच्यावर रागसुद्धा यायचा नाही, कारण तोही आमच्याबरोबर धक्क्यावर भिजत असायचा.

गाठोडं सोडलेलं नाही. कोपऱ्यात ठेवलं आहे. तुझ्यासाठी पोदेराकडून सकाळी उंडे पाव घेतले होते, ते रात्री आम्ही चहात बुडवून खाल्ले.

मी रागावले नाही. राग यायलाही काहीतरी जागं लागतं.

देवकी

मामा, हे माझं, शालिनीचं. आईंना सांगितलेलं नाही. त्या तुम्हाला रीत म्हणून लिहितात, पण इथे त्यांना कुणीच अडवलेलं नाही. आम्ही रोज म्हणतो, अंगणात तरी या. घरात रीत पाळणारं दुसरं कुणी नाही, सगळं त्यांनीच धरून ठेवलं आहे. विहिरीचं पाणी मी आणून देते तेव्हा आंघोळ करतात. जेवण अर्ध्यावर सोडतात. थट्टा तेवढी पूर्वीसारखी आहे, म्हणून बाहेरच्यांना कळत नाही. तुम्ही या, नाहीतर एक ओळ लिहा की गोकुळदासमामांबरोबर जा. तुमचं ऐकतील.

•

जळगाव
१९ जुलै २०२४

ती. बायस नमस्कार.

त्या दिवशी मी विमानतळावर पोचल्यावर मालतीच्या मोबाईलवर संदेश आला. चाकाच्या खुर्चीत बसवून मला आत नेलं होतं, तसंच फिरवून बाहेर आणलं. खिडकीतली मुलगी वाईट नव्हती. वाकून माझ्या कानाशी पुन्हा पुन्हा सांगत होती, मला ऐकू येत नव्हतं. शेवटी तिने कागदावर लिहून दिलं: "पैसे परत किंवा पुढच्या प्रवासाचं कूपन." जावयांनी पैसे मागितले तर पंधरवडाभर लागेल म्हणाले, कूपन लगेच. मी कूपन घेतलं. घरी आल्यावर कळलं, ते त्याच कंपनीच्या विमानाला चालतं. म्हणजे ज्याने नेलं नाही, त्याच्याकडेच परत जायचं.

बाय, माझं ऐक. मी येईन तेव्हा येईन, विमानाचं खरं नाही. तू गोकुळदासाबरोबर मुळगावला जा. चुलत असला तरी आपल्याच घरचा. रीतच पाळायची तर मी त्याला माझ्या जागी पाठवतो असं समज. साडी त्याच्याकडे पोचवण्याची व्यवस्था करतो. एवढे दिवस आत बसून राहू नकोस. पावसात अंगण कसं झालं असेल, बघ तरी.

यशवंत

•

वारखंड
१ ऑगस्ट २०२४

चि. यशवंतास आशीर्वाद.

मागच्या पत्रात माझं सांगून झाल्यावर शालिनीचं पेन बराच वेळ चालत होतं. मला अक्षर येत नाही, पण पेनाचा आवाज येतो. माझी वाक्यं संपली आणि तिची सुरू झाली, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही. आता ती खाली मान घालून हे लिहिते आहे. लिही गो, "शालिनी लबाड आहे" असं लिही. लिहिलंस? बरं.

तिने काय लिहिलं ते मी विचारलं नाही, तुझ्या उत्तरातून कळलं. गोकुळदासाबरोबर जा म्हणे. अंगण बघ म्हणे.

तेव्हा खरं सांगते, एकदाच, पुन्हा विचारू नकोस. मला कुणी अडवलेलं नाही. तुझे भावोजी गेले ते बाहेर, वरच्या माळावर, काजीच्या भरडावर. विमानतळात गेलेली जमीन सोडून जो तुकडा उरला होता, तिथे कुंपण बघायला गेले होते. मिरगाच्या आधी अंगणाच्या कडेला तवशीची, तुमच्या तिकडच्या काकडीची, आळी करून बी टाकलं, माती पायाने दाबली, "येतो" म्हणाले आणि गेले. आणलं ते दुसऱ्यांनी. मी तोंड बघितलं, पाणी घातलं, सगळं केलं. पण डोकं मानत नाही रे. उंबऱ्याच्या आत बसले की ते भरडावर गेलेले असतात. जेवायला यायला उशीर झाला एवढंच. बाहेर पाऊल टाकलं, आळ्यापर्यंत गेले, आणि ते नाहीत असं बघितलं, की मग ते कुठेच नाहीत.

म्हणून मला तू पाहिजेस. गोकुळदास नको, त्याने मला लहानपणी झाडावरून पडून रडताना बघितलेलं नाही. तू बघितलंस. मला उठवायला तूच आला होतास, नाक पुसायला स्वतःच्या सदऱ्याचं टोक दिलंस आणि आईला सांगितलं नाहीस.

पण कंबर संभाळून. घाई नाही. मी काही उतू जात नाही.

देवकी

•

जळगाव
२१ ऑगस्ट २०२४

ती. बायस नमस्कार.

सोमवार, दोन सप्टेंबरचं तिकीट काढलं. गणपतीची चवथ जवळ आली, सगळीकडून लोक गोव्याला निघालेत, त्यामुळे शेवटच्या दोन जागा होत्या. भाव विचारू नकोस. कूपन त्याच्या निम्म्यालाही पुरलं नाही. जावई म्हणाले, एवढ्यात माणूस दुबईला जाऊन येतो. मी म्हटलं, दुबईत माझी बहीण नाही.

या वेळी मालतीला विचारत बसलो नाही, भाव बघितल्याबरोबर काढ म्हटलं.

न्हाऊन बस. मी येतो.

यशवंत

•

जळगाव
४ सप्टेंबर २०२४

बाय,

कसं लिहू ते कळत नाही.

विमान वेळेवर सुटलं. मी खिडकीशी बसलो होतो, साडीची पिशवी मांडीवर, वर ठेवू दिली नाही. तास-सव्वा तासाने खाली सगळं पांढरं झालं. शेजारचे गृहस्थ मला बोटाने दाखवत होते, "गोवा, गोवा." मला काही दिसलं नाही. विमान खाली आलं, मग एकदम वर गेलं. पुन्हा एकदा खाली, पुन्हा वर. मग बराच वेळ सरळ. मला वाटलं, आता उतरलं. उतरलं, दार उघडलं, खुर्ची आली, बाहेर बघतो तर जळगाव. ज्या मुलाने मला आत बसवलं होतं, तोच मला बाहेर काढत होता.

ढग खाली आले होते, धावपट्टी दिसत नव्हती, म्हणून परतले म्हणतात. त्यात कुणाचा दोष नाही, जीव वाचले. पण काल संदेश आला की चवथीनंतर ही फेरी बंद. कंपनीला परवडत नाही. एवढा भाव घेऊन परवडत नाही.

कंबर धरली आहे. डॉक्टरांनी आता विमानही नको म्हणून सांगितलं. मालतीने शालिनीला कळवलंच असेल, पण मला माझ्या हाताने लिहायचं होतं. तू गाठोडं बांधून बसली असशील. मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटते. एका भावाला करायची एवढी एकच गोष्ट होती, आणि मी अर्ध्या आकाशातून परत आलो.

यशवंत

•

वारखंड
१५ सप्टेंबर २०२४

चि. यशवंतास मोठ्या बहिणीचा आशीर्वाद, आणि वर एक चापट.

तुझं पत्र शालिनीने वाचलं. मी म्हटलं, दे इकडे, आणि कागद हातात घेतला. वाचता येत नाही तरी घेतला. मग आता माझं ऐक. तू तुझ्या बाजूचं लिहिलंस, माझ्या बाजूला काय झालं ते तुला कुठे माहीत आहे?

सोमवारी मी दारात कदेलीवर बसले होते. गाठोडं पायाशी. बाहेर एवढं धुकट की समोरचा माडसुद्धा नुसता बुंधा, वरचा शेंडा गायब. शालिनी मोबाईलवर तुझं विमान बघत होती, म्हणाली, "आई, आलं, आलं, आपल्यावरच आहे!" आणि आवाज आला. गिरणी. किती दिवसांनी. कौलं थरथरली. मी वर बघितलं, तर दिसणार काय, कौलं आणि वासे. आवाज गेला. मी म्हटलं, उतरलं. तेवढ्यात परत आला, आणखी खाली, डोक्याला लागेल की काय इतका. माझ्या तोंडातून निघालं, "अहो, यशवंत आला हो!"

कुणाला म्हटलं ते तुला कळलं असेल.

आणि बघते तर मी अंगणात उभी. कधी उठले, उंबरा कधी ओलांडला, कुणालाच कळलं नाही. शालिनी आत, हातात मोबाईल, तोंड उघडं. मी बाहेर, अनवाणी, मान वर केलेली, तोंडावर पाऊस. आवाज लांब गेला. उत्तरेकडे गेला ते मला कळलं, मी रोज ऐकते, उतरणाऱ्या विमानाचा आवाज तसा जात नाही. शालिनी म्हणाली, "आई, परत गेलं." मी म्हटलं, "जाऊ दे. मी बाहेर आले."

मग आत शिरले नाही. कडेच्या आळ्यापर्यंत गेले. वेल नुसता माजलाय. कृष्णनाथ आणि शालिनी वरच्या वर तवशी काढत होते, पण पानांखाली, दगडाच्या आडोशाला एक राहिली होती. ही एवढी, पिकून हळदीसारखी पिवळी, एका बाजूने चिरलेली. त्यांनी बी पुरलेलं, पायाने माती दाबलेली. तिच्याशी मी बसून राहिले. पाऊस होता, त्यामुळे तोंडावरचं पाणी कशाचं ते शालिनीला सांगता येणार नाही आणि मी लिहूही देणार नाही. एवढं सांगते की झोपलेल्या पायाला मुंग्या येतात ना, तसं झालं. फार दुखलं.

यशवंता, ते कुठे नाहीत ते मी बघून आले. भरडावरही जाऊन आले, दुसऱ्या दिवशी, कृष्णनाथाला घेऊन. कुंपण अर्धवटच आहे.

ती तवशी रव्यात किसून शालिनीने तवसोळी भाजली, गूळ घालून. चव लागली. गूळ थोडा कमी होता, ते मी तिला सांगितलं. ती हसली आणि मग कोपऱ्यात जाऊन रडली, म्हणाली, आईंनी किती दिवसांनी नाव ठेवलं!

चवथीनंतर मुळगावला गेले. बसने. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, तिथून गोकुळदास स्कूटरने, हो, स्कूटरवरच बसले, सांगू नकोस कुणाला. त्याने आपल्या घराचं दार उघडलं, झाडून ठेवलं होतं. जेवायला पानं मांडली. मी एक पान जास्त मांडायला लावलं. "कुणाचं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "ज्याने मला बाहेर काढलं त्याचं." तुझं पान वाढून ठेवलं, मग ते मीच जेवले. दोन पानं जेवले, शालिनी, लिही.

तर आता लाज कसली धरतोस? भावाने येऊन बहिणीला उंबऱ्याबाहेर काढायचं, एवढीच रीत आहे. दारातूनच यायला पाहिजे असं कुठे आहे? तू कौलांवरून आलास. दोनदा आलास. तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणून जावयाला सांग.

तवशीचं बी धुऊन राखेत घालून वाळवलं आहे. थोडं या पाकिटात आहे, मालतीला सांग, गॅलरीतल्या डब्यात पुरायचं आणि माती पायाने दाबायची.

गाठोडं सोडलं. त्यातल्या घड्या वास मारत होत्या, सगळं अंगणात दोरीवर टाकलं आहे. त्याच्या शेजारी थोडी जागा रिकामी ठेवली आहे, निळ्या साडीसाठी.

साडी टपालाने पाठव. विमानाकडे देऊ नकोस.

देवकी